बारावी कॉमर्सची धास्ती

बारावी कॉमर्सला आम्ही काय शिकलो, ते आता विचारू नका. व्याख्या कधीच उडून गेल्या. पण सांगलीत आमच्या बॅचचे चौघे जरी चहाला भेटले, तरी एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. आणि प्रत्येक किश्श्यात कोणीतरी घाबरलेलं असतंच! बहुतेक वेळा मी.

*

सुरुवात अकरावीच्या ॲडमिशनलाच झाली. फॉर्ममध्ये गणित किंवा एस.पी., एकच निवडायचं होतं. गणिताच्या भीतीनं मी एस.पी.वर खूण केली. माझे वडील फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, मला सांगलीत मामाकडं ठेवायला फलटणहून मुद्दाम आलेले. त्यांनी मराठी नाव वाचलं, 'चिटणिसाची कार्यपद्धती', आणि खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, "आवं साहेब, चिटणीस आता कुठं ऱ्हायलेत? ह्यो इतिहास हाय का कॉमर्स?"

"कंपनीचा सेक्रेटरी हो! सगळी पत्रं तोच लिहितो."

वडील गंभीर झाले. "म्हंजे ऑर्डर दुसऱ्याची अन् सही हिची? पोरी, लय जपून लिही बरं!"

त्या दिवसापासून मी एस.पी.लाही घाबरायला लागले.

*

अर्थशास्त्राचे सर उभं करून व्याख्या विचारायचे. एकदा धनाजीची पाळी आली. धनाजी जतचा. घरी कानडी, कॉलेजात मराठी, आणि उभं केलं की दोन्ही गायब!

"मागणी म्हणजे काय?"

धनाजीचे कान लाल. "सर... टँकर आला की लोक पळत्यात, ती."

"ती झाली गरज. मागणीला ऐपतही लागते. यात ऐपत कुठंय?"

"सर, टँकर आल्यावर ऐपत कोण बघतंय? आदी घागर बघायची!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे गड्या. पण पेपरात लिहू नकोस. मार्क जातील."

*

स्नेहल माझ्या बाकावरची, कुपवाडची. आमच्यात डोकं शांत असलेली तेवढी एकच. पण प्रीलिमला बुक-कीपिंगमध्ये तिचाही ताळेबंद जुळेना. घंटा झाली तसं तिनं खाली लिहिलं, "सर, चूक सापडली असती, पण वेळ सापडला नाही."

सरांनी तांबड्या शाईत उत्तर दिलं, "मलाही मार्क सापडले नाहीत."

*

ओ.सी.च्या, म्हणजे वाणिज्य संघटनाच्या, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक. मला विचारलं, "आदेशातील एकवाक्यता म्हणजे काय?"

डोकं कोरं! पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. जीभ मात्र सुटली. "सर, घरी वडील म्हणतात सी.ए. हो, मामा म्हणतो बँकेची परीक्षा दे, आई म्हणते आधी पास हो."

"मग तू कुणाचं ऐकतेस?"

"कुणाचंच नाही सर. मी नुसती घाबरते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकवाक्यता नसली की नेमकं हेच होतं. बस खाली. पुढचा!"

*

बोर्डाचा एस.पी.चा पेपर अकराला होता. साडेनऊला मी स्टॉपवर उभी, तोवर स्नेहलच्या काकांचा फोन आला. तिचे वडील कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर कामाला. सकाळच्या पाळीत त्यांचा हात मशीनमध्ये गेला होता. दोन बोटं गेली, हात वाचला, पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं. त्या वेळी काका एवढंच म्हणाले, "ऑपरेशनला घेतलंय. स्नेहलला काय बोलू नगंस बाळा. पेपर सुटला की तिला सरळ दवाखान्यात घिऊन ये."

गेटवर स्नेहल भेटली. "खाल्लंस का काही?" तिनं विचारलं. मी तिच्याकडं न बघताच "व्हय" म्हणाले.

तीन तास ती माझ्या पुढच्या बाकावर. पुरवणीसाठी तिनं हात वर केला की माझं लिहिणं थांबायचं. भागधारकाला लिहायच्या पत्रात मी एकच पत्ता दोनदा लिहिला.

पेपर सुटल्यावर जिन्यातच मी तिचा हात धरला. "स्नेहल, पप्पांना..." म्हटलं आणि मलाच रडू फुटलं.

"माहितीय," ती म्हणाली. "वर्कशॉपचा फोन मीच उचलला. आईला दवाखान्यात पाठवलं आणि इकडं आले."

"मग गेटवर बोलली का नाहीस?"

"तुझा पेपर होता ना."