सुत्तपठणाचं माझं ॲप

बाळांनो, आजी हट्टी झाली आहे असं तुमची आई तुम्हाला सांगते. आता माझ्याकडूनही ऐका.

वारज्याच्या आपल्या विहारात रविवारी वंदना सगळेच म्हणतात. नंतर बुद्धवचनांची पाली सुत्तं आणि त्यांचा मराठी अर्थ मी वाचते. पुस्तिकेतली अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून फोनवर फुकटचं एक ॲप घेतलं. एका रविवारी, सगळे हात जोडून बसलेले असताना, त्यातून फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात मोठ्यानं बोलू लागली. नंतर विहाराचे सचिव हळूच म्हणाले, "ताई, आता आराम करा. पुढे दुसरं कुणी वाचेल."

"तक्रार माझ्या वाचनाची आहे की त्या औषधाची?"

ते चपला शोधू लागले.

जाहिरात नसलेलं स्वतःचं ॲप करायचं मी ठरवलं. तुमची आई म्हणाली, "मुलांना सांग, चुटकीसरशी करून देतील." म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही. जागा माझी जात होती, ती मीच राखणार.

आपण लिहिलेलं ॲप फोनला कळेल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. मी घेतला तो खुला आहे. आतलं सगळं कुणीही वाचावं, वापरावं, परवानगी नको. माझ्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवत. दार उघडं ठेवणारी विद्या मला लगेच आपली वाटली. सूचना इंग्रजीत होत्या, पण उभी हयात सरकारी टिपणं वाचलेल्या बाईला त्या सोप्याच. त्या वाचत वाचत ॲप लिहून काढलं.

घोळ केला माझ्या टापटिपीनं. ॲपच्या फाइली विखुरलेल्या पाहून मी कचेरीतल्या सवयीनं त्या नव्या कप्प्यांत लावल्या. शनिवारी सकाळी पडदाभर तक्रारी: फाइल सापडत नाही. कंपायलर ठरल्या जागीच शोधतो. कचेरीत माझी रचना मोडायची कुणाची छाती नव्हती. इथे मीच एकेक फाइल निमूट परत नेली. दुपारपर्यंत ॲप तयार. काळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं, बाकी काही नाही.

रविवारी सचिवांनी दुसऱ्या एका बाईंना वाचायची खूण केली. त्या उठण्याआधी मी पुढे जाऊन बसले.

"ताई, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," म्हटलं, आणि वाचायला लागले. शेवटच्या सुत्तापर्यंत फोन मुका राहिला.

निघताना सचिवांनी विचारलं, "ते माझ्या फोनमध्ये टाकाल का?"

"टाकते. आतलं लिखाणही देते. कुठे औषध दडलंय का, तपासून घ्या. आणि पुढच्या रविवारी मी वाचणार आहे, तेही लक्षात असू द्या."