आकुर्डीचं बुडबुडणारं तळं

साताऱ्याहून एस.टी.त बसलो तेव्हा बेत साधा होता: नवरात्रात ताईकडे जायचं आणि आयतं खाऊन यायचं. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. पण मी पडलो वनस्पतिशास्त्राचा मास्तर! आकुर्डीला पोचून पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच दाजी म्हणाले, "बरं झालं आलात. आमच्या कंपनीचं तळं जरा बघून द्या."

तळं म्हणजे पाण्याने भरलेली दगडाची जुनी खाण. कॉलनीचं सांडपाणी इमानेइतबारे तिथेच सोडलेलं. वर निळ्या-हिरव्या शेवाळाची जाड साय आणि तिच्यातून अखंड बुडबुडे. मोठ्या साहेबांना म्हणे इथे नौकाविहार सुरू करायचा होता. मला त्यांच्या नाकाची काळजी वाटली.

मागच्या आठवड्यात कुणीतरी पेटती काडी टाकली आणि पाण्यावर जाळ उठला. झालं! काठावर रशीदभाईचं स्कूटरचं गॅरेज, म्हणजे पेट्रोल त्यानेच ओतलं असणार. दसरा झाला की जागा खाली कर, असं कंपनीने त्याला सांगूनही टाकलं होतं.

रशीदभाईने मला स्टुलावर बसवून चहा पाजला. "सर, माज्या बापानं हितं बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या. कंपनी मागनं आली. आन् पेट्रोल काय फुकट मिळतंय व्हय, पाण्यात वतायला?"

मी बांबूने तळ ढवळून पाहिला. एक चप्पल चिखलाने गिळली, पण तळातून बुडबुड्यांचा लोट वर आला आणि खात्री पटली. दाजींना म्हटलं, "हा गॅस शेवाळाचा. गोबर गॅसचा चुलतभाऊच."

"शेवाळ जिवंतपणी गॅस सोडतं, की कुजल्यावर?"

"ते मलाही नक्की माहीत नाही. पण रशीदभाईचा यात काडीचा संबंध नाही."

"शेवाळातून गॅस! साताऱ्यात खपेल हो हे," दाजी पोट धरून हसले. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या भागात त्या दिवशी लेथपासून क्रेनपर्यंत सगळी यंत्रं धुऊनपुसून हार घालून बसतात. रशीदभाईनेही आपल्या पान्यांना झेंडू वाहिला होता. पोट ज्याच्यावर, त्याची पूजा. पण खबरदारी म्हणून साहेबांनी त्याच्या गॅरेजला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली होती.

तळ्याकाठच्या पंपाचीही पूजा होती. साहेबांना घाण दिसू नये म्हणून माणसं बांबूंनी शेवाळ बाजूला सारत होती, त्यामुळे काठाशी पाणी नुसतं खदखदत होतं. मी ओरडलो, "अहो, कापूर लावू नका!"

"मास्तर, शुभकार्यात अपशकुन नको," दाजी खेकसले.

साहेबांनी आरती पाण्यात बुडालेल्या पाइपापर्यंत वाकून ओवाळली आणि भप्पकन जाळ उठला. साहेबांची अर्धी मिशी गेली, दाजींच्या भुवया गेल्या. गॅरेज बंद, किल्ली साहेबांच्याच खिशात. आता पेट्रोलचं नाव कोण घेणार? मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बुंदी वाटून होईपर्यंत साहेब उरलेली मिशी कुरवाळत विचारात पडले होते. "मास्तर, म्हणजे हा गॅस फुकटच की! कँटीनच्या शेगड्या यावरच चालवू. टाकी बांधायची. सपाट जागा कुठंय?"

सगळ्यांच्या नजरा गॅरेजकडे वळल्या.

रशीदभाईच्या हातात बुंदीचा द्रोण तसाच राहिला. "म्हंजी पेट्रोल मी वतलं न्हाई, हे ठरलं?"

"अगदी ठरलं! तुमच्यावर आता कसला ठपका नाही."

"आन् जागा?"

"ती दसऱ्यानंतर खाली करा. ठरल्याप्रमाणे."

मी भांडलो, दाजींशी तर हातघाईवर येईपर्यंत भांडलो. कुणी ऐकलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रशीदभाईनेच मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. म्हणाला, "सर, उपकार झालं. आता दुसरीकडं दुकान मांडताना कुनी आगलाव्या म्हननार न्हाई." मला त्याच्याकडे बघवेना.

आता वर्गात शेवाळाचा धडा आला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, याचा माणसाला उपयोग काय?" मी फळा पुसायला लागतो.