कार्बोरेटरवरचं नाव

चुडामणअप्पांनी सहा वर्षं नंबर लावून स्कूटर मिळवली आणि पुढची दोन वर्षं तिच्यासाठी मिस्तरी शोधण्यात घालवली. अप्पा ग्रामसेवक, घर अमळनेरला, अंगावर चार खेडी. एसटीच्या भरवशावर निभेना म्हणून गाडी घेतलेली. धुळ्याच्या एका बड्या गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकली, तर नवा टायर आत गेला न् गुळगुळीत झालेला बाहेर आला. जळगावच्या एकाने प्लग बदलला म्हणून सांगितलं, आणि जुनाच घासून बसवला. तेव्हापासून अप्पा गॅरेजात स्टूल मागून घ्यायचे आणि गाडी जोडून होईपर्यंत मिस्तरीच्या हातावरची नजर काढायचे नाहीत.

मग स्टेशनमागच्या पत्र्याच्या शेडमधला झुलाल मिस्तरी सापडला. हा माणूस काढलेला प्रत्येक जुना पार्ट कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, अगदी फाटका वायसरसुद्धा. बोलणं म्हणाल तर दिवसाकाठी दहा वाक्यं. तिसऱ्या वेळेला अप्पांनी स्टूल मागितलं नाही, गाडी ठेवून सरळ चहाला निघून गेले. अप्पांच्या हिशेबी याहून मोठा मान नव्हता, आणि झुलालला तो कळला होता. चार वर्षं असं सुरळीत चाललं.

माघात गाडी पेट्रोल गाळायला लागली. झुलालने दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली ती नव्यासारखी पळू लागली. या वेळी कागदाची पुडी मात्र मिळाली नाही, आणि अप्पांच्याही ते ध्यानात आलं नाही. चैत्रात एकदा धूळ झटकायला त्यांनी इंजिनावरचं झाकण उघडलं, तर आतला कार्बोरेटर आपला नव्हे. आपल्याचा कोपरा टवका उडालेला होता, याचा शाबूत.

आता शहाण्या माणसाने काय करावं? जाऊन विचारावं. गाडी चांगली पळतेय हे तरी बघावं. पण अप्पांनी विचारलं कोणाला, तर कचेरीतल्या हिलालला, ज्याच्याकडे धड सायकल नव्हती. हिलाल म्हणाला, “अप्पा, आज कार्बोरेटर बदलला, उद्या इंजिन बदलेल. मिस्तरी तो मिस्तरीच.” झालं, चार वर्षांचा विश्वास एका कप चहात विरघळला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आलेली. तिला द्यायच्या भांड्यांवर नाव घालायला अप्पांच्या बायकोने, भिकुबाईंनी, नाव कोरणाऱ्याला ओट्यावर बसवलं होतं. त्याचं यंत्र कुरकुरत होतं, ते ऐकून अप्पांच्या डोक्यात किडा वळवळला. भांड्यावर नाव असलं की ते कुणाच्याही घरी गेलं तरी परत येतं. मग गाडीने काय घोडं मारलंय? त्यांनी गाडी ओट्याला लावली आणि रिमवर, सायलेन्सरवर, झाकण काढून थेट कार्बोरेटरवर कोरून घेतलं : चु. रा. पाटील, अमळनेर.

“आता गाडी लेकीसोबत सासरी धाडा,” भिकुबाई म्हणाल्या. लेक हसली. अप्पा हसले नाहीत.

पुढच्या सर्व्हिसिंगला झुलालने झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला. फडक्याने त्याने ती अक्षरं पुसली, वाचली, पुन्हा पुसली.

“नाव झकास कोरेल शे, अप्पा,” एवढंच तो म्हणाला.

काम नेहमीसारखं चोख केलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्याच फडक्याने स्वच्छ केलं आणि अप्पांपुढे ठेवलं. “पुढल्या टाईमले आठेच बसा.”

अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ते स्टेशनमागच्या रस्त्यानेच जायचे बंद झाले.

वैशाख सरता सरता धरणगावच्या रस्त्यावर त्यांना झुलाल दिसला, भर दुपारी सायकलवर, हँडलला हत्यारांची पिशवी. याची स्कूटर कुठे गेली, असं मनात येऊन गेलं. झुलालने थांबा म्हणून हात केला. काय तोंडाने थांबणार? अप्पांनी मान वळवली आणि गाडी दामटली. आरशात तो हात बराच वेळ वर दिसत राहिला.

आठ दिवसांनी बातमी आली. कुणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून झुलाल उन्हाचा सायकलवर गेला आणि ऊन लागून गेला. तीन दिवसही काढले नाहीत.

अप्पा शेडला लागूनच असलेल्या त्याच्या घरी दुखवट्याला गेले. सुंदरबाईंनी, झुलालच्या बायकोने, आतून कागदाची पुडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. पुडीत कार्बोरेटर होता, टवका उडालेल्या कोपऱ्याचा.

“तुमनं शे,” त्या म्हणाल्या. “आटे गेले होते ना, जळगावला लेथवर धाडला होता. त्याला तीन महिने लागले. तोवर तुमची गाडी अडू नये म्हणून यांनी आपल्या गाडीचा काढून तुम्हाला बसवला. पंधरा दिवस झाले हा येऊन पडलाय.”

शेडच्या कोपऱ्यात झुलालची स्कूटर उभी होती. कार्बोरेटरच्या जागी चिंधी कोंबलेली.

“पंधरा दिवस?” अप्पांनी पुडी उचलली. “मग हाच स्वतःच्या गाडीला का नाही बसवला त्यांनी?”

“मी तेच म्हटलं. तर म्हणे, दुसऱ्याचं आहे, विचारल्याबिगर कसं बसवू? तुम्ही रस्त्यात भेटला होता, पण घाईत होता, म्हणाले.”

अप्पा ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसून बाहेर उभ्या आपल्या गाडीतला कार्बोरेटर काढू लागले, पण सुंदरबाईंनी त्यांना थांबवलं. “राहू द्या. त्याच्यावर तुमचं नाव आहे. परक्याच्या नावाचं भांडं आम्ही घरात ठेवत नाही.” त्या रागावलेल्याही नव्हत्या.

पुढच्या आखाजीला नाव कोरणारा पुन्हा ओट्यावर बसला. अप्पांनी गाडीतला तो कार्बोरेटर काढून त्याच्यापुढे धरला आणि आपल्या नावाखालची जागा दाखवली. “इथे घाल, झुलाल मिस्तरी यांजकडून.”

“पुढे सप्रेम भेट घालू ना?” त्याने सवयीने विचारलं.

“नको,” अप्पा म्हणाले. “त्याने वापरायला दिला होता. नाव मी घातलं.”