तिखटाच्या डब्यातलं मत

आमच्या आईनं देशाच्या पहिल्या निवडणुकीतलं आपलं मत तिखटाच्या डब्यात ठेवलं होतं.

हे मी अत्यंत गंभीरपणे सांगतेय, हसू नका. तो सगळा घोटाळा माझ्या शिकवणीचा होता, आणि पुढं मी जन्मभर हायस्कुलात नागरिकशास्त्रच शिकवलं! (शिक्षण खात्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.)

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि आबा, म्हणजे माझे वडील, वैजापूरच्या कचेरीतून बदली होऊन औरंगाबादेत आले. कारकून माणूस. काल एका सरकारला सलाम, आज दुसऱ्याला नमस्कार, टेबल तेच. मी तेव्हा नववीत. आमचे नवे मास्तर वर्गात गरजायचे, "हायस्कूलच्या मुलांना आपली घटना आणि जगाचं राजकारण कळत नसेल, तर नुसतं गणित येऊन काय करायचंय?" मला गणितही येत नव्हतं, म्हणून मी घटनेवर तुटून पडले.

रोज संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीपुढं बसून जग चालवायची. कोरियातली लढाई सांगितली. संयुक्त राष्ट्रसंघ सांगितला. नकाराधिकारही सांगितला. "सगळे हो म्हणाले तरी त्या पाच बड्या राष्ट्रांतलं एक नाही म्हणालं, की खेळ खलास!"

"म्हंजे तुझे आबा," आई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

मतदारांची यादी करणारा माणूस दारात आला, तेव्हा आबा म्हणाले, "लिहा, आमची मंडळी." मी आतून ओरडले, "नाव सांगा आबा! नाव नसलं तर यादीतून उडवतील!" आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी घटनेसकट दाराआड गेले. पण नाव लागलं. गोदावरी. आई पदर सावरत उंबऱ्याशी आली आणि त्या माणसाला म्हणाली, "एकदा वाचून दाखवा की." त्यानं वाचलं. तिनं मान हलवली आणि ती पुन्हा चुलीकडं गेली. त्या दिवशी भाकरी करपली, आमच्याकडं पहिल्यांदाच.

मग मी गुप्त मतदानाचा धडा घेतला, आणि तिथंच माती खाल्ली. "आई, हे मत फक्त तुझं! कुणाला दाखवायचं नाही, कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. आबांनासुद्धा सांगायचं नाही!"

"त्यांनला बी?"

"घटनाच आहे तशी!" (घटनेत आबांचा उल्लेख नाही, हे मी पुढं तपासलं.)

त्या काळी कागदावर शिक्का मारायची रीत नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. मतदानाच्या दिवशी टांग्यात बसताना आबांनी हुकूम सोडला, "डावीकडून दुसरी पेटी. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय."

दोघं परत आले. आई तडक आत जाऊन आली. आबांनी टोपी खुंटीला लावली आणि सहज विचारलं, "टाकलं ना दुसऱ्या पेटीत?"

"सांगायचं नसतंय."

"अगं, मी विचारायलोय!"

"तुमाला तर मुळीच नाय." आई शांतपणे स्वयंपाकघराकडं वळली. "कुणाच्या बापाला घावायचं नाय, अशा जागी ठेवलंय."

"ठेवलंय?" आबांचा आवाज फाटला. "ठेवलंय म्हंजे?"

आईनं तिखटाचा डबा काढला. त्यात घडी करून खोचलेला कागद, लालभडक! "त्या पेट्या परक्या माणसांच्या. आपल्या मागं उघडून बघणार ते. मग गुप्त कसलं ऱ्हातंय? ह्या डब्यात माझ्याबिगर कुणी हात घालत नाय."

खरं सांगते, तिचं काय चुकलं ते मला आजही पटकन सांगता येत नाही.

"सरकारी कागद घरात!" आबा मटकन खाली बसले. "दोन सरकारांत टाचणी घरी आणली नाय मी! आता वॉरंट निघतंय!" मला मात्र रडू फुटलं ते वेगळ्याच कारणानं. अर्ध्या तासात मतदान संपणार होतं, आणि एवढं भांडून यादीत लागलेल्या नावाचं मत तिखटात पडून होतं.

पुन्हा टांगा. या खेपेला मीही. आबा म्हणाले, "आण इकडं तो कागद." आई म्हणाली, "कुणाच्या हातात द्यायचं नाय." शाळेतल्या मतदान केंद्रावर साहेबांनी तिच्या बोटाकडं बघितलं. "शाई लागलीय, बाई. तुमचं मत झालं."

"शाई झाली. मत कुठं झालं?" आईनं कागद त्यांच्या नाकापुढं धरून झटकला.

साहेब शिंकले. शिपाई शिंकला. रांगेतली माणसं शिंकली. आबा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डोळे पुसत साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. तिखटाबद्दल काहीही नव्हतं. शेवटी ते नरमाईनं म्हणाले, "बाई, पेटीला मोहर आहे. उघडली तरी कुणाचा कागद कुठला, हे कळायचं नाही. बघा, ह्यावर तुमचं नाव आहे का?"

आईनं कागद उलटसुलट केला. "नाय."

"मग?"

"मग टाकते."

पडद्याआड ती बराच वेळ होती. आबा खाकरले. ती आली नाही. पुन्हा खाकरले. ती आली, तेव्हा डोळे भरलेले होते. "तिखट लागलं," ती म्हणाली. तिचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आबांनी टांग्यात विचारलं, घरी विचारलं, मरेपर्यंत अधूनमधून विचारलं. त्यांना कळलं नाही.

इथंच थांबले असते तर बरं होतं. पण मी निवृत्त झाल्यावर आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि मला महापालिकेत जायची हुक्की आली. ऐंशीच्या घरातल्या आईनं एकच विचारलं, "निवडून आलीस तर नळाला पाणी रोज येईल का?" मी तिला घटनादुरुस्ती समजावून सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली.

मी एका मतानं पडले.

निकालाच्या संध्याकाळी घरी आले, तर आई मेथी निवडत बसलेली. मी तिच्यापुढं बसकण मारली. "आई, खरं सांग. मला दिलंस ना?"

"सांगायचं नसतंय." तिनं जुडीतली काडी मोडली. "पण पेटीत टाकलं बरं का या खेपेला. घरी नाय आणलं."

जन्मभराच्या मास्तरकीत नागरिकशास्त्र पुरतं कळलेली एकच विद्यार्थिनी मी घडवली, आणि तिनं मला नापास केलं!