क्रेनवाला, भावोजी आणि पिरॅमिड

कारखान्यात त्याला सगळे 'वरचा' म्हणत. दगड कापायचा कारखाना होता. खाणीतून ट्रकवर आलेले कपाटाएवढे ठोकळे आवारात उतरवायचे, करवतीपाशी न्यायचे आणि कापून झालेल्या फरशा पुन्हा ट्रकवर चढवायच्या, हे सगळं रुळांवर फिरणारी एक क्रेन करायची आणि ती क्रेन तो चालवायचा. छपराच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेल्या काचेच्या खोलीत त्याचा दिवस जायचा. काम अडलं की खालून कुणीतरी म्हणायचं, "आता वरच्याची मर्जी." हा विनोद इतका झिजला होता की त्यावर कुणी हसत नसे, पण कुणी तो सोडतही नसे.

माणूस कामाला चोख आणि बोलायला कंजूष. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरात तो आणि बायको. व्यसन म्हणावं असं एकच. दर रविवारी सकाळी मोठ्या बहिणीकडे जायचं आणि तिच्या नवऱ्याशी पिरॅमिडवरून वाद घालायचा.

भावोजी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. वादाला सुरुवात झाली ती ताईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे. एका महिन्याच्या पानावर वाळवंटातला तो मोठा पिरॅमिड होता. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "हे चढवलं कशाने असेल?"

"कशाने म्हणजे? माणसांनी," भावोजी म्हणाले.

"एकेक दगड किती टनांचा?"

"सरासरी दोन-अडीच. आतले काही फार मोठे."

त्याने कप खाली ठेवला. "भावोजी, मी रोज तेवढंच वजन उचलतो. मशीन असून साखळी करकरते. माणसांनी उचललं असं म्हणायला जीभ उचलावी लागते, दगड नाही."

ताई हसली. भावोजी हसले नाहीत. त्यांना बिनतयारीचा विद्यार्थी चालायचा, पण बिनतयारीचं मत चालायचं नाही. पुढच्या रविवारी ते वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन तयार बसले होते.

तिथून जी गाडी सुरू झाली ती बरीच वर्षं थांबली नाही. भावोजी सांगायचे, दगड घसरगाडीवर ठेवून ओढत, पुढची वाळू भिजवत, म्हणजे ओढायला जोर कमी लागे. उतार बांधत आणि त्यावरून वर नेत. काम करणाऱ्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत, भाकरी भाजायच्या भट्ट्या सापडल्या आहेत, त्यांची थडगीसुद्धा. मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडली आहेत. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "वस्ती होती, कबूल. भाकरी खाल्ली, कबूल. पण दगड वर कसा गेला?" भावोजी उताराचं चित्र काढायचे. तो विचारायचा, "एवढा उतार बांधायला जेवढं सामान लागेल त्यात दुसरा पिरॅमिड होईल. तो उतार गेला कुठे?" यावर भावोजींकडे तीन उत्तरं होती, आणि तीन आहेत म्हणजे एकही पक्कं नाही, असं त्याचं म्हणणं.

बांधणीचं आटोपलं की हेतूचं निघायचं. भावोजी म्हणायचे, राजाचं थडगं. तो म्हणायचा, "मोठ्या पिरॅमिडमध्ये राजा सापडला का? नाही. शवाची दगडी पेटी रिकामी. रिकाम्या पेटीवर डोंगर कोण रचेल?"

"चोरांनी नेलं असेल."

"पेटीचं झाकणही नेलं, राजालाही नेलं. चोर म्हणायचे की ट्रकवाले?"

ताई आतून ओरडायची, "मेला तो राजा कधीचाच, तुम्ही दोघं जेवून घ्या."

त्याच्याजवळ स्वतःचं असं उत्तर काहीच नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्या लोकांकडे काहीतरी यंत्र असणार, जे आपल्याला ठाऊक नाही, एवढंच तो धरून होता. त्याच्या कामाचा मान त्या यंत्रात अडकला होता. नुसत्या माणसांनी ते होत असेल, तर वर काचेच्या खोलीत बसलेला तो कशाला हवा होता?

मग कारखान्यात ती गोष्ट घडली. दुपारची वेळ, करवती सुरू. करवतीपाशी लाकडी ओंडक्यांवर एक ठोकळा ठेवला होता. एक ओंडका आतून कुजलेला निघाला, तो खचला, ठोकळा कलला आणि पॉलिशवाल्याचा पाय ठोकळा आणि खालच्या कट्ट्याच्या मध्ये सापडला. पॉलिशवाला ओरडला तशी करवतवाल्याने करवत बंद केली. वरच्याने क्रेन पुढे घेतली, आणि ती निम्म्या वाटेत थांबली. आवाराची वीज गेली होती.

त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. वीज नसली की क्रेनचे ब्रेक आपोआप लागतात, ती तसूभर हलत नाही. खाली यायची शिडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि क्रेन मध्येच अडकलेली. तो वरच अडकला. काचेतून बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नाही.

खाली मुकादमाने एकदाही वर पाहिलं नाही. त्याने दोन लांब पहारी मागवल्या. पहारींच्या खाली दगडाचे तुकडे टेकवले आणि प्रत्येक पहारीवर तीन-तीन माणसं लोंबकळली. ठोकळा उठला. किती, तर नखाएवढा. करवतवाल्याने त्या फटीत लाकडाची पाचर सरकवली. माणसांनी श्वास घेतला, टेकू वर सरकवले, पुन्हा लोंबकळली. पुन्हा नखाएवढा. पुन्हा पाचर, तिच्यावर दुसरी पाचर, मग फळी. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मुकादम फक्त "दाब" आणि "धर" म्हणत होता. थोड्या वेळाने पॉलिशवाल्याला काखेत धरून मागे ओढून घेतलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता, पण पाय होता.

वीज आली तेव्हा आवार रिकामं झालं होतं. त्याने क्रेन शिडीपाशी नेली आणि उतरला. ठोकळा अजून त्या पाचरींवरच होता. तो वाकून बघत राहिला. अडीच टनांच्या वरच असेल. रोज त्याला वरून ठोकळ्याची पाठ दिसायची, पोट आज पहिल्यांदाच दिसलं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "भावोजींचं बरोबर होतं."

"मग रविवारी सांगून टाका."

"बघू."

रविवारी त्याने सांगितलं नाही. पहिल्यांदा नुसता मानीपणा होता. इतक्या वर्षांची टेक एका दुपारी कशी सोडायची? भावोजींनी ओल्या वाळूचा विषय काढला आणि त्याच्या तोंडून सवयीने गेलं, "वाळू सपाटीवर. वर चढताना काय भिजवायचं?" एक रविवार गेला, दुसरा गेला, आणि न सांगणंच अंगवळणी पडलं.

त्या वर्षाच्या अखेरीला ताई गेली. आजार थोडक्या दिवसांचा. त्यानंतर भावोजी बोलायचे बंद झाले. रागावून नव्हे, बोलण्यासारखं काही उरलं नाही असं. तो दर रविवारी जायचा, स्वतःच चहा करायचा, दोघं समोरासमोर बसायचे. भावोजी खिडकीकडे बघायचे, तो भावोजींकडे. पिरॅमिडचं नाव काढायची सोय नव्हती, कारण नाव काढलं की थडगं आलं.

असे बरेच रविवार गेले. एका रविवारी त्याला ती शांतता सहन होईना. चहा ओतता ओतता तो म्हणाला, "भावोजी, पिरॅमिड म्हणजे धान्याची कोठारं होती म्हणतात."

भावोजींनी कप घेतला, फुंकर मारली. एक घोट घेऊन म्हणाले, "कोण म्हणतं?"

"म्हणतात लोक."

"आत पोकळी आहे किती, माहीत आहे त्या लोकांना? सगळा भरीव दगड. दोन-चार खोल्या आणि अरुंद वाटा. एवढ्या दगडात मूठभर धान्य ठेवणारा राजा शहाणा म्हणायचा." कप खाली ठेवून ते पुढे म्हणाले, "काहीही ऐकतोस तू."

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आज बोलले."

"काय बोलले?"

"मला मूर्खात काढलं."

"मग बरं झालं," बायको म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी एक नवी थाप न्यायची, असं ठरूनच गेलं. थापा शोधायचं काम बायकोकडे. ती भाजी निवडताना मोबाइलवर व्हिडिओ लावायची आणि त्याला विचारायची, "या आठवड्यात वीजनिर्मितीचं केंद्र चालेल का? की पाण्याचा पंप?" तो म्हणायचा, पंप ठेव पुढच्याला. आकाशातून आलेले लोकही होऊन गेले. त्या दिवशी भावोजी इतके चिडले की त्यांनी जुनं पुस्तक शोधायला कपाट उपसलं आणि दोघांनी मिळून ते पुन्हा लावलं. कपाटात ताईच्या साड्या होत्या. भावोजींनी त्या उचलून वरच्या खणात ठेवल्या आणि पुस्तकातलं पान काढून दाखवलं.

एका रविवारी तो म्हणाला की दगड मुळात दगडच नव्हते, साच्यात ओतले होते. भावोजींनी चष्मा काढला.

"तू आयुष्यभर दगड हाताळलास. ओतलेला आणि खाणीतला तुला कळत नाही?"

"कळतो."

"मग हे कुणासाठी चाललंय?"

त्याने कप बाजूला सरकवला. मग त्याने, जसा प्रसंग घडला तसा, पॉलिशवाल्याचा पाय, गेलेली वीज, पहारी आणि पाचरी, सगळं सांगितलं. "तेव्हाच पटलं होतं. माणसांनीच केलं असणार. सांगायचं राहून गेलं."

भावोजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पहार किती लांब, टेकू कुठे, पाचर ओल्या लाकडाची की सुक्या, असं मात्र शेवटी बारकाईने विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला त्याच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मग ते म्हणाले, "पण यावरून काही सिद्ध होत नाही."

"म्हणजे?"

"एक दगड, वीतभर. तेही जीव वाचवायचा म्हणून. असे लाखो दगड, डोंगराएवढ्या उंचीवर? वीतभर उचलणं निराळं."

"अहो, पाचरीवर पाचर रचत गेलं तर चढतोच की."

"आणि तेवढं लाकूड त्या वाळवंटात आलं कुठून?"

तो बघतच राहिला. समोरचा माणूस त्याच्याच जुन्या बाजूने बोलत होता, आणि त्याच्यापेक्षा चांगलं बोलत होता. त्याने लाकडाचा हिशेब बोटांवर मांडायला घेतला, तेव्हा भावोजी जरा सुखावल्यासारखे दिसले.

पुढे त्याने मुकादमाला विचारून एका सुट्टीच्या दिवशी भावोजींना कारखान्यात नेलं. मुकादमाने एका ठोकळ्याखाली पहार लावून दिली. भावोजी तिच्यावर रेलले, दुसऱ्या पहारीवर मुकादमाने आणि त्याने जोर लावला.

"उठला का?" भावोजींनी विचारलं.

"उठला," मुकादम म्हणाला.

"मला दिसला नाही."

परतताना दोघं रस्ताभर त्यावरच बोलत होते. घरी बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, उठला. भावोजी म्हणाले, हलला असेल, उठला असं मी म्हणणार नाही. तिने दोघांपुढे ताटं ठेवली आणि विचारलं, थडग्याचं काय ठरलं मग? भावोजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "थडगंच आहे ते. त्यात वाद नाही."

तो म्हणाला, "पेटी रिकामी आहे, भावोजी," आणि आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.