शालनचं एका शब्दाचं उत्तर

माझ्या बायकोला, शालनला, काही विचारलं की ती उलट आपल्यालाच विचारायची. "जेवलीस का?" तर म्हणे, "का, तुम्ही वाढणार होता?" "कुठं होतीस इतका वेळ?" तर, "पळून गेले असं वाटलं का?" चाळीस वर्षं संसार केला, पण या बाईनं मला धड एक सरळ उत्तर दिलं नाही. डोकं फिरायचं. आता उलट विचारणारं कोणी नाही, तर घर खायला उठतं.

मी सातवी शिकलेला. इथं आखातात अल क्वोजला एसीची कामं करायचो, राहायला अजमान. शालन अल क्वोजलाच एका गोदामात झाडूपोछा आणि चहापाणी बघायची. लोकांच्या किमती वस्तू ठेवायचं गोदाम. चौदा वर्षं तिनं तिथल्या फरश्या पुसल्या, कधी चमचा इकडचा तिकडे झाला नाही. मग नवा मॅनेजर आला. म्हणे, आत जाणाऱ्या प्रत्येकाला नवा पास, आणि पासाआधी खोटं पकडायच्या मशीनची टेस्ट. फॉर्म मीच भरला, मला इंग्रजी अक्षरं जोडता येतात म्हणून.

निघताना बजावलं, "तिथं उलट विचारू नको. हो नाहीतर नाही, खलास."

"आणि वेड्यासारखं विचारलं तर?"

"तरी."

वेड्यासारखंच विचारलं. छातीला पट्टा, बोटांना वायरी, दंडाला ते बीपीचं फडकं. समोर हिंदी बोलणारा साहेब. नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध होता का? नवरा मारतो का? दारू पिता का? पंचावन्न वर्षांच्या बाईला. चोरीचं विचारलं ते शेवटी, एकदाच. ही त्याला म्हणाली, "ये सब आपकी माँ को पूछा क्या?" तो म्हणाला, "आंटी, सिर्फ हाँ या ना."

मधे मशीन जुळवायला म्हणून त्यानं फॉर्मवरचा साधा प्रश्न घेतला होता, "आपका एक ही बच्चा है?"

शालन म्हणाली, "ना."

तीनदा विचारलं, तीनदा ना. मशीन म्हणालं बाई खरं बोलते. फॉर्म म्हणाला मूल एकच. साहेबानं लिहिलं, माहिती लपवते. पास नाही, म्हणजे काम नाही.

मी घरात थयथयाट केला. "एक म्हणायला तुझं काय जात होतं?"

ती मेथी निवडत होती. "मशीन खोटं पकडतं असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

आमची पहिली मुलगी गावाला झाली होती. नऊ दिवस जगली. बारसंसुद्धा झालं नाही. त्यानंतर मी तिला कुठल्या कागदावर धरली नाही, आणि पुढं महेश झाला त्यालाही कधी सांगितलं नाही.

म्हटलं, "उद्या मी येतो. साहेबाला सांगू, एक मुलगी गेली होती. पास मिळून जाईल."

"तिचं त्या माणसाला सांगू? वायरी लावून घेऊन?"

"मग नोकरी?"

"नोकरी काय मी पोटात वाढवली होती का?"

ती पुन्हा त्या गोदामाकडं फिरकली नाही. मी महिनाभर धुसफुसलो. एवढी सोन्यासारखी नोकरी एका शब्दापायी घालवली, हे मी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचो. ती चहा ठेवून आत जायची.

मागच्या वर्षी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. हॉस्पिटलात नर्स फॉर्म भरत होती. मुलं किती? महेश म्हणाला, "वन. ओन्ली मी." शालननं नुसते डोळे माझ्याकडं वळवले.

मी नर्सला म्हणालो, "टू."

"बाबा, व्हॉट?" महेश बघतच राहिला.

शालननं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मोजायला एवढी वर्षं लागली का हो?"

चौथ्या दिवशी ती गेली.

नंतर अल बर्शाला महेशच्या घरी बसून त्याला सगळं सांगितलं. पोरगा इथंच वाढलेला, एरवी इंग्रजीतच बोलतो. मग मराठीत म्हणाला, "नाव ठेवलं नव्हतं, ओके. पण मम्मी तिला काहीतरी म्हणत असेल ना? नऊ दिवस. काय म्हणायची?"

नको ते विचारलं म्हणून त्या मशीनवाल्याला मी अजून शिव्या देतो. पण महेशला काय सांगणार? हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.