चौथ्या वेळेचा निरोप

लॉरेन्स तुस्कानो शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात स्टोअर सांभाळायचा. माणूस वसईचा. दर शुक्रवारी न चुकता चर्चला जायचा, म्हणून गॅरेजात सगळे त्याला ‘फादर’ म्हणत. सुरुवातीला ती थट्टा होती, पुढे त्याला ते नाव आवडायला लागलं. कुणाचं भांडण झालं, घरच्या पत्राला काय उत्तर द्यावं ते सुचेना, की माणसं स्टोअरच्या खिडकीशी येत. लॉरेन्स चष्मा पुसत म्हणे, “बायबलमध्ये लिहिलंय...” आणि पुढचं तिथल्या तिथे जुळवी. ऐकायला बरं वाटेल, समोरच्याला पटेल, असं काहीतरी.

खरं सांगायचं तर तो चर्चला जायचा, पण चर्चमध्ये फारसा नसायचा. आत वाचनं चाललेली असताना वसईची चार-पाच मंडळी बाहेर सावलीत गप्पा मारत उभी राहायची आणि प्रवचन संपलं की हळूच आत शिरायची. निघताना कॅथरीननं, त्याच्या बायकोनं, बॅगेत घातलेलं बायबल आठ वर्षं कपड्यांच्या तळाशीच पडून होतं.

एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात डेंटिंगवाला मुश्ताक खिडकीशी आला. मुश्ताक चिपळूणकडचा, मराठी शाळेत शिकलेला. त्याचा धाकटा भाऊ सरफराज अबुधाबीला खलिफा सिटीत एका अरबाच्या घरी ड्रायव्हर होता. भावाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्याच्या बडबडीनं मुश्ताकच्या मुलीचं, हमीदाचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याआधीही दोनदा त्यानं असंच काहीतरी केलं होतं आणि दोन्ही वेळा मुश्ताकनं पोटात घातलं होतं.

“आमचे मौलवी म्हणतात, माफ कर. तुझ्या किताबात काय आहे, फादर?”

मुश्ताकचा चेहरा पाहून लॉरेन्सला कळलं, याला माफ करायचं नाहीये.

“तीन वेळा माफ करावं,” तो म्हणाला, “चौथ्यांदा दार लावून घ्यावं. तसंच लिहिलंय.”

“ईसा नबींनी, तुमच्या येशूनं, सांगितलं?”

“मग काय मी सांगतोय?”

“मग ही तिसरी सोडली. आता खलास,” मुश्ताक म्हणाला.

ऑगस्टमध्ये सरफराज पुन्हा गावी फोनवर काहीतरी बोलून बसला आणि माफी मागायला थेट गॅरेजच्या गेटवर आला. मुश्ताक गाडीखालून बाहेर आला नाही. “फादर, तूच सांग त्याला. म्हणावं, ही चौथी.”

लॉरेन्सनं जाऊन सांगितलं. सरफराज घामानं भिजला होता.

“व्हिसा कॅन्सल झालाय भाई. अकरा सप्टेंबरला कायमचा चाललोय. चौथी म्हणजे काय?”

लॉरेन्सनं खांदे उडवले आणि आत निघून आला.

दहा सप्टेंबर शुक्रवार होता. बाहेर सावलीतही उभं राहवेना, म्हणून लॉरेन्स पहिल्यांदाच वेळेवर आत, एसीखाली जाऊन बसला. शुभवर्तमान वाचायला चर्चचे खरे फादर उभे राहिले. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं शिष्य पेत्र येशूला विचारतो. येशू म्हणतो, सात नव्हे, साताच्या सत्तर पट.

लॉरेन्सचे कान तापले. आपल्याकडे कुणी पाहत तर नाही ना, म्हणून त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या पाहण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुपारी तो मुश्ताकच्या खोलीवर गेला. बायबल प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं होतं.

“मी सांगितलं तसं नाहीये,” तो म्हणाला. “उलट आहे.”

“दाखव.”

मुश्ताकनं उठून हात धुतले, खाटेवर धुतलेला टॉवेल पसरला. लॉरेन्सनं पुस्तक उघडलं. पानांच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एकेक पान कर्र करून सुटत होतं. तो पहिल्या पानापासून शोधू लागला. घामाचे ठसे कागदावर उमटत होते.

“ईसा नबींचं कुठून सुरू होतं, ते तरी माहीत आहे ना?”

लॉरेन्स पानं उलटतच राहिला. मुश्ताकनं पुस्तक आपल्याकडे ओढलं, अनुक्रमणिका काढली, बोट खाली खाली नेत नवा करार गाठला. अर्धा तास गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायावर तो थांबला. त्यानं तेवढ्या ओळी मोठ्यानं वाचल्या, मग पुन्हा एकदा मनात.

“चारशे नव्वद होतात,” तो म्हणाला. “माझे अजून चारशे सत्त्याऐंशी बाकी आहेत.” तो हसला नाही. “मी तुझ्यावर कुठे भरवसा ठेवला होता? किताबावर ठेवला होता.”

त्यानं शर्ट चढवला. “यल्ला, चल. गेटवर निरोप तू दिलास, आता हाही तूच द्यायचा.”

शेअर टॅक्सीनं दोघांना दीड तास लागला. खलिफा सिटीतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत सरफराज बॅगेला दोरी बांधत होता. मोठ्या भावाला दारात पाहून दोरी त्याच्या हातातून सुटली. मुश्ताकनं नुसतं लॉरेन्सकडे पाहिलं.

“ती चौथी वेळ,” लॉरेन्स म्हणाला, “कुठेच लिहिलेली नाही. मी जुळवली होती. मी ते पुस्तक वाचलेलंच नाही.”

“मग लिहिलंय काय?” सरफराजनं विचारलं.

लॉरेन्सनं चष्मा पुसला नाही. मघाशी ऐकलेल्या दोन ओळी त्यानं जशाच्या तशा सांगितल्या आणि तिथेच थांबला. त्यापुढचं त्याला येत नव्हतं. भाऊ भावाला भेटत होता तेव्हा तो फरशीकडे पाहत उभा होता.